होम थिएटरची गुणगुण आणि कापलेली अर्थिंगची पिन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी जवळ आली की आपल्या वृत्तपत्राची पाने टीव्ही, साऊंडबार आणि होम थिएटर यांच्या जाहिरातींनी भरून जातात, आणि त्यांत 'जुना संच द्या, नवा घेऊन जा' ही योजना हमखास असते. जाहिरातींविषयी माझी तक्रार नाही. परंतु या योजनेत जी जुनी होम थिएटर दुकानात जमा होतात आणि तिथून भंगारात जातात, त्यांतली बरीचशी मुळात बिघडलेलीच नसतात, हे मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. कुणाच्या टीव्हीत एक निवड चुकलेली असते, कुणाच्या स्पीकरच्या दोन तारा उलट लागलेल्या असतात, तर कुणाचा हॉलच आवाजाला साथ देत नसतो. याहून गंभीर गोष्ट अशी, की स्पीकरमधली गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन कापून टाकण्याचा प्रकार आपल्या नागपुरात बिनदिक्कत चालतो. हे पत्र मुख्यतः त्यासाठी आहे. बाकीच्या गोष्टीही सांगतो, कारण त्या ठाऊक असल्या तर लोकांचे पैसे वाचतील आणि चांगली यंत्रे घरात टिकतील.

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक या व्यवसायाचा शिल्प निदेशक होतो. निवृत्तीनंतर परिचितांचे बिघडलेले संच पाहून देतो. त्यात कमाईचा भाग नाही, आवडीचा आहे.

पिनेचाच विषय आधी घेतो. मानेवाडा भागातल्या एका परिचितांच्या घरी होम थिएटर सुरू केले की सबवूफरमधून, म्हणजे खर्जाच्या मोठ्या स्पीकरमधून, सतत 'घूंऽऽ' असा आवाज येत असे. दुकानाकडून आलेल्या माणसाने तो आवाज पाच मिनिटांत बंद करून दिला होता आणि घरची मंडळी त्याच्यावर खूश होती. काही दिवसांनी ॲम्प्लिफायरच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात, अशी त्यांची तक्रार आली म्हणून मी गेलो. प्लग भिंतीतून काढून पाहिला, तर वरची जाड पिन बुडापासून हॅक्सॉने कापलेली होती. कापलेल्या जागी पितळ चकाकत होते आणि त्यावर काळ्या टेपचा एक वेढा होता. गुणगुण थांबण्याचे कारण एवढेच होते.

ही गुणगुण येते कशी, हे समजून घेतले तर पिन कापण्याची गरज उरत नाही. ॲम्प्लिफायरला भिंतीतल्या सॉकेटमधून अर्थिंग मिळते. त्याच वेळी सेट-टॉप बॉक्सला जोडलेल्या केबलची बाहेरची जाळी केबलचालकाच्या खांबावर किंवा गच्चीवरच्या डिशच्या लोखंडी पायापाशी दुसऱ्याच ठिकाणी जमिनीला टेकलेली असते. या दोन जमिनींमध्ये थोडासा विद्युतदाबाचा फरक असतो, आणि सेट-टॉप बॉक्स, टीव्ही व ॲम्प्लिफायर एकमेकांना तारांनी जोडले की त्या फरकामुळे तारांच्या जाळीतून अगदी अल्प प्रवाह वाहू लागतो. आपल्याकडचा वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने तो प्रवाह ५० हर्ट्झची गुणगुण बनून सबवूफरमधून ऐकू येतो. जाणकार याला 'ग्राउंड लूप' म्हणतात. पिन कापली की हे वेटोळे तुटते, हे खरे. परंतु त्याबरोबर माणसाचा जीव वाचवणारी तारही तुटते.

धोका केवळ ॲम्प्लिफायरपुरता राहत नाही. उद्या आतल्या ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन गेले आणि फेज पत्र्याला लागली, तर अर्थिंग असलेल्या घरात फ्यूज जातो किंवा एमसीबी खाली पडते. पिन कापलेल्या घरात तसे काहीच होत नाही. पत्रा २३० व्होल्टवर जाऊन तसाच राहतो, आणि तांबड्या-पांढऱ्या पिनांच्या तारांच्या जाळीतून तोच दाब टीव्हीच्या मागच्या सॉकेटांपर्यंत, सेट-टॉप बॉक्सच्या डब्यापर्यंत आणि डिशच्या केबलपर्यंत पोहोचतो. नागपूरच्या उन्हाळ्यात याच हॉलमध्ये खिडकीला कूलर असतो, त्याच्याखालची फरशी ओली असते, आणि मुले अनवाणी फिरत असतात. कूलरचा शॉक लागून माणसे दगावल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात छापता. होम थिएटरची पिन कापून तोच धोका आपण आणखी एका कोपऱ्यात आणून ठेवतो.

यावरचे सुरक्षित उपाय फार खर्चाचे नाहीत. गुणगुण चालू असताना सेट-टॉप बॉक्सची डिशकडून येणारी केबल स्क्रू फिरवून काढून पाहावी. त्याच क्षणी गुणगुण थांबली, तर कारण सापडले. मग टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, ॲम्प्लिफायर आणि सबवूफर ही सगळी उपकरणे एकाच भिंतीवरच्या एकाच बोर्डावर घ्यावीत. बरेचदा एवढ्यानेच काम होते. तरीही आवाज राहिला, तर केबलचालकाच्या केबलच्या वाटेत बसवायचा छोटा आयसोलेटर, म्हणजे जाळीची जोडणी तोडणारा जोड, मिळतो. सर्वांत सोपे म्हणजे टीव्ही ते ॲम्प्लिफायर ही जोडणी ऑप्टिकल वायरने करावी. या वायरीतून वीज जातच नाही, फक्त प्रकाश जातो. त्यामुळे त्या वाटेने वेटोळे तयारच होत नाही. गुणगुण केवळ सबवूफरच्या तारेतून येत असेल, तर त्या तारेत बसणारा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरही मिळतो.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. काही टीव्ही आणि छोटे संच मुळातच दोन पिनांचे असतात आणि त्यांच्या मागच्या बाजूला चौकोनात चौकोन अशी खूण छापलेली असते. त्यांना दुहेरी इन्सुलेशन असते, म्हणून तिसरी पिन नसते, आणि त्यात काही गैर नाही. परंतु ज्या उपकरणाला कंपनीने तीन पिना दिल्या आहेत, त्याला तिसरी हवीच आहे. ती मुद्दाम लांब आणि जाड केलेली असते, कारण प्लग लावताना अर्थिंग सर्वांत आधी जोडले जावे आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावे. महाल, इतवारी भागांतल्या जुन्या घरांत सॉकेटला तिसरे भोक असूनही त्याच्या मागे तारच नसते, असेही आढळते. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्यावे. फेज आणि अर्थिंग यांच्यामध्ये मीटरवर जवळपास फेज-न्यूट्रलइतकाच दाब दिसला पाहिजे आणि न्यूट्रल व अर्थिंग यांच्यामध्ये जेमतेम दोन-चार व्होल्ट. ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घेतली तर उत्तमच; पण ती अर्थिंगला पर्याय म्हणून नव्हे, तर जोडीला.

प्रत्येक गुणगुण ग्राउंड लूपची नसते, हेही सांगितले पाहिजे. आवाजाचे बटण कमी-जास्त केल्यावर गुणगुणही कमी-जास्त होत असेल, तर ती बटणाच्या आधीच्या भागातून, म्हणजे बाहेरच्या एखाद्या तारेतून किंवा उपकरणातून येत आहे. बटण फिरवूनही ती तशीच राहत असेल, तर दोष बटणाच्या पुढच्या भागात, बहुधा वीजपुरवठ्याच्या कॅपॅसिटरमध्ये आहे; आणि अशी गुणगुण साधारणपणे १०० हर्ट्झची, म्हणजे थोडी वरच्या पट्टीतली असते. हा कॅपॅसिटर बदलण्याचे काम कोणताही बऱ्यापैकी मेकॅनिक करू शकतो. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर असतानाच 'खर्रर्र' येत असेल, तर इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा आहे असे समजावे. कूलर किंवा फ्रिज सुरू-बंद होताना 'टक्क' असा आवाज येणे हे त्या मोटारीच्या स्विचचे काम आहे, ॲम्प्लिफायरचे नव्हे.

आता सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार: 'मागचे स्पीकर वाजत नाहीत.' या एका वाक्यावर किती संच बदलले गेले असतील, देव जाणे. तक्रार करणाऱ्याने आधी ॲम्प्लिफायरमधला 'टेस्ट टोन' लावून पाहावा. ही सोय रिमोटवर किंवा मेन्यूत बहुतेक संचांना असते. त्यात डावा, मधला, उजवा, मागचा उजवा, मागचा डावा असे एकेका स्पीकरमधून 'शूंऽऽ' असा आवाज फिरवला जातो. मागच्या स्पीकरांतून हा आवाज येत असेल, तर स्पीकर, तारा आणि ॲम्प्लिफायर तिन्ही शाबूत आहेत. दोष आवाज येतो कुठून आणि कसा, यात आहे.

आपल्याकडच्या बहुतेक वाहिन्यांचा आवाज दोनच चॅनेलचा, म्हणजे फक्त डावा आणि उजवा असा, असतो, त्यामुळे रोजची मालिका पाहताना मागचे स्पीकर गप्प राहणे साहजिक आहे. ओटीटीवर एकाच चित्रपटाची इंग्रजी ध्वनिपट्टी ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर यांसाठीची) असते आणि हिंदी किंवा मराठी दोन चॅनेलची असते, असेही घडते. अशा वेळी ॲम्प्लिफायरवर 'प्रोलॉजिक' किंवा 'डॉल्बी सराउंड' अशी निवड केली, की तो दोन चॅनेलमधून मागच्या स्पीकरांसाठी आवाज काढून देतो. काही लोक 'ऑल चॅनेल स्टीरिओ' लावून समाधान मानतात. त्याने सगळे स्पीकर वाजतात खरे. पण पुढचे संवाद मागूनही यायला लागतात आणि चित्रपटाची मांडणी बिघडते. माझ्या मते ती निवड लग्नघरापुरती ठीक आहे, चित्रपटासाठी नव्हे.

चित्रपट खरोखर ५.१ चा असेल आणि तरीही मागे शांतता असेल, तर टीव्हीच्या ध्वनिविषयक मेन्यूत जावे. तिथे 'डिजिटल ऑडिओ आउट' या नावाची निवड असते आणि तिच्यात 'पीसीएम', 'ऑटो', 'बिटस्ट्रीम', 'पासथ्रू' असे पर्याय असतात. नवा टीव्ही पुष्कळदा 'पीसीएम'वर असतो. ऑप्टिकल वायरीतून पीसीएम, म्हणजे न दाबलेला आवाज, पाठवला तर त्यात दोनच चॅनेल मावतात. मग ॲम्प्लिफायर कितीही चांगला असला, तरी त्याला मिळतच नाही ते तो वाजवणार कुठून? ही निवड 'बिटस्ट्रीम' किंवा 'ऑटो' केली, की दाबून भरलेला डॉल्बी डिजिटल जसाच्या तसा ॲम्प्लिफायरकडे जातो आणि तिथे त्याचे सहा भाग होतात. अशा एका संचाबद्दल शहरातल्या एका दुकानात 'बोर्ड गेले आहे, दुरुस्तीपेक्षा नवा परवडेल' असे सांगण्यात आले होते. रिमोटवरची पाच-सहा बटणे दाबून तो संच त्याच संध्याकाळी पूर्ववत झाला.

एचडीएमआयने जोडणी केली असेल, तर टीव्हीच्या ज्या सॉकेटवर 'एआरसी' (टीव्हीचा आवाज त्याच वायरीतून ॲम्प्लिफायरकडे पाठवण्याची सोय) असे छापलेले असते, त्याच सॉकेटला ॲम्प्लिफायरची वायर लागली पाहिजे. शेजारच्या सॉकेटला लावून चालत नाही. ही सोय २००९ मध्ये एचडीएमआयच्या १.४ या आवृत्तीपासून आली. त्याआधीच्या ॲम्प्लिफायरमध्ये ती नसते, म्हणून तिथे ऑप्टिकलचाच आधार घ्यावा. एआरसी चालण्यासाठी बहुतेक टीव्हींमध्ये 'सीईसी' ही, उपकरणांनी एकमेकांना सूचना देण्याची, सोय चालू असावी लागते, आणि गोंधळ इथेच होतो. कारण प्रत्येक कंपनीने तिला वेगळे नाव दिले आहे. सॅमसंगच्या टीव्हीत ती 'एनीनेट प्लस' असते, एलजीत 'सिमप्लिंक', सोनीत 'ब्राव्हिया सिंक'. सगळे बरोबर असूनही आवाज अचानक नाहीसा झाला, तर टीव्ही आणि ॲम्प्लिफायर दोन्ही रिमोटने नव्हे, भिंतीवरच्या बटणाने बंद करावेत, काही मिनिटे थांबून आधी टीव्ही आणि मग ॲम्प्लिफायर सुरू करावा. त्यांची आपसांतली ओळख नव्याने होते आणि आवाज परत येतो.

ज्येष्ठांची तक्रार वेगळी असते: संगीत आणि गोळीबार कानठळ्या बसवतात, पण पात्रे बोलतात ते कळत नाही. ही तक्रार अगदी खरी आहे आणि ती नेहमी कानांच्या वयाची नसते. चित्रपटातले बहुतेक संवाद मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरकडे पाठवलेले असतात. हा स्पीकर टीव्हीखालच्या कपाटात आत सरकवलेला असेल, तर संवाद कोंदट येतात. तो कपाटाच्या कडेपर्यंत पुढे आणून किंचित वर, बसलेल्या माणसाच्या कानांच्या दिशेने कलता करावा. नंतर मेन्यूतून फक्त त्याची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवावी. रात्री इतरांची झोपमोड होऊ नये म्हणून 'नाइट मोड' असतो. तो मोठे आवाज खाली आणि लहान आवाज वर आणतो. एक टोकाचा प्रकारही आढळतो: सेंटर स्पीकर बिघडला म्हणून काढून ठेवलेला असतो, पण ॲम्प्लिफायरला ते सांगितलेले नसते. तो बिचारा संवाद नसलेल्या स्पीकरकडे पाठवत राहतो आणि घरात फक्त पार्श्वसंगीत ऐकू येते. मेन्यूत 'सेंटर: नाही' असे केले, की संवाद डाव्या-उजव्या स्पीकरांत वाटले जातात.

ओठ हलतात एका वेळी आणि शब्द येतात दुसऱ्या वेळी, ही अडचण नव्या टीव्हींबरोबर वाढली आहे. चित्र सुधारण्यासाठी टीव्ही प्रत्येक चौकटीवर काम करतो, त्यात वेळ जातो, आणि तोवर आवाज पुढे निघून जातो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला किंवा १२५ मिलिसेकंद मागे पडला, की माणसाला ते जाणवू लागते. म्हणजे आवाज उशिरा आलेला आपल्याला अधिक चालतो, आधी आलेला लवकर खटकतो; निसर्गातही वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून येतो. ॲम्प्लिफायरमधल्या 'ऑडिओ डिले' या निवडीने आवाज थोडा थोडा मागे आणत जावे. मात्र ब्लूटूथने जोडलेल्या साऊंडबारला हा उपाय लागू पडत नाही, कारण तिथे आवाजच दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज मागे पडलेला असतो. तिथे वायर वापरणे हाच मार्ग आहे.

खरोखरच एखादा स्पीकर बंद असेल किंवा फाटका वाजत असेल, तर दोष कुठे आहे हे शोधण्याची एक साधी रीत मी विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षीच शिकवत असे. संच भिंतीपासून बंद करावा, ॲम्प्लिफायरच्या मागे डाव्या आणि उजव्या स्पीकरच्या तारांची अदलाबदल करावी आणि पुन्हा सुरू करावा. आधी डावा स्पीकर बंद होता आणि आता उजवा बंद झाला, तर दोष ॲम्प्लिफायरमध्ये किंवा त्याच्याही मागे आहे. अदलाबदलीनंतरही डावाच बंद असेल, तर दोष त्या स्पीकरमध्ये किंवा त्याच्या तारेत आहे. यासाठी मीटर लागत नाही, शिक्षण लागत नाही, फक्त एका वेळी एकच गोष्ट बदलण्याचा संयम लागतो. आपले कित्येक मेकॅनिकही एकदम चार गोष्टी बदलतात, संच सुरू होतो, आणि नेमके काय बिघडले होते ते कुणालाच कळत नाही. बिल मात्र चारही गोष्टींचे होते.

ज्यांच्याकडे मल्टिमीटर आहे त्यांनी स्पीकर सुटा करून त्याचा रोध मोजावा. ८ ओमच्या स्पीकरला मीटर साधारण ६ ते ७ ओम दाखवतो, आणि ते योग्यच आहे. मीटर काहीच दाखवत नसेल, तर कॉइल तुटली आहे किंवा डब्याच्या आत तार सुटली आहे. स्पीकरच्या दोन तारा उलट लागल्या आहेत का, हे पाहण्यासाठी दीड व्होल्टचा साधा सेल पुरतो. सुट्या केलेल्या वूफरच्या तारांना तो क्षणभर टेकवावा. धनाला धन लागले असेल, तर कोन बाहेर येतो. पुढच्या दोन स्पीकरांपैकी एकाच्याच तारा उलट असतील, तर दोघांचा खर्ज एकमेकांना मारतो आणि गाण्याचा आवाज मधोमध न येता खोलीभर विखुरल्यासारखा वाटतो. संच सुरू होऊन लगेच 'प्रोटेक्ट' असे दाखवत बंद पडत असेल, तर बोर्डावर संशय घेण्याआधी स्पीकरच्या तारांची टोके पाहावीत. तांब्याचा एखादा केसासारखा तंतू शेजारच्या खिळीला चिकटलेला सापडतो.

नागपूरच्या हवामानाबद्दल कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत काही लिहिलेले नसते, म्हणून ते आपणच ध्यानात ठेवले पाहिजे. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना काचेच्या दाराच्या शोकेसमध्ये कोंडलेला ॲम्प्लिफायर अर्ध्या-पाऊण तासात तापून स्वतःला बंद करून घेतो. थंड झाल्यावर पुन्हा सुरू होतो, म्हणून लोक त्याला 'लूज कनेक्शन' समजतात. त्याच्या वर आणि बाजूंना वीतभर मोकळी जागा ठेवली, तर हा त्रास बहुधा थांबतो. कॅपॅसिटरचे आयुष्य तापमान १० अंशांनी वाढले की जवळपास निम्मे होते, हा आमच्या व्यवसायातला मान्य ठोकताळा आहे. त्यामुळे शोकेसचे दार उघडे ठेवणे हीदेखील एक दुरुस्तीच आहे. दुसरीकडे कूलर. त्याची ओली हवा थेट स्पीकरवर येत असेल, तर कागदी कोन मऊ पडतो आणि खिळ्यांवर हिरवट थर चढतो. तारांची टोके वर्षातून एकदा, कूलर उतरवून ठेवण्याच्या दिवसांत, नव्याने सोलून बसवावीत. शिवाय कूलर चालू असताना त्याच्या घरघरीवर मात करण्यासाठी आवाज वाढवत गेले, की छोटे सॅटेलाइट स्पीकर फाटके वाजू लागतात. तो बिघाड नव्हे, त्यांची मर्यादा आहे. खोक्यावर हजारो वॉट 'पीएमपीओ' (क्षणभराच्या ताकदीचा फुगवलेला आकडा) लिहिलेले असले तरी त्यावर विसंबू नये, 'आरएमएस' (सतत मिळणारी ताकद) किती ते पाहावे.

जूनमध्ये पहिले वादळ आले की आणखी एक प्रकार होतो. विजेचा झटका गच्चीवरच्या डिशच्या केबलमधून सेट-टॉप बॉक्समध्ये, तिथून टीव्हीत आणि टीव्हीतून एचडीएमआयने ॲम्प्लिफायरमध्ये शिरतो. म्हणून वादळाची चिन्हे दिसताच केवळ प्लग काढून भागत नाही, डिशची केबलही सोडवावी. झटका बसलाच आणि फक्त एचडीएमआयचा भाग गेला असेल, तर ऑप्टिकल वायर लावून तोच ॲम्प्लिफायर पुढे कित्येक वर्षे उत्तम चालू शकतो. इतके सांगायचे कष्ट किती दुकानदार घेतात?

खोलीबद्दल थोडक्यात. आपल्या फ्लॅट स्कीममधले हॉल म्हणजे चकचकीत फरशी, सपाट गिलावा आणि काच. हॉलच्या मधोमध एकदा टाळी वाजवून पाहावी; मागोमाग 'टर्र' असा थरथरता प्रतिध्वनी आला, तर संवाद अस्पष्ट होण्याचे कारण संच नसून भिंती आहेत. जाड पडदे, सतरंजी, पुस्तकांचे कपाट यांनी बराच फरक पडतो. अंड्यांचे ट्रे किंवा थर्माकोल भिंतीला चिकटवू नये. ते खर्ज शोषत नाहीत आणि आग मात्र लवकर पकडतात. खोली १२ बाय १२ फूट अशी चौरस असेल, तर साधारण ४७ हर्ट्झचा खर्ज लांबीत आणि रुंदीत एकाच वेळी घुमतो आणि तेवढाच एक सूर कानांवर आदळत राहतो. अशा वेळी सबवूफर तात्पुरता आपल्या बसण्याच्या जागी ठेवून खर्जाचे गाणे लावावे आणि भिंतीकडेने वाकून फिरत ऐकावे. जिथे खर्ज एकसारखा आणि स्वच्छ वाटेल, तिथे सबवूफर कायमचा ठेवावा. ही युक्ती हास्यास्पद दिसते, पण ती भौतिकशास्त्राला धरून आहे आणि तिला पैसा लागत नाही.

आता माझी विनंती, विक्रेत्यांना आणि आपल्यालाही. संच बसवून देताना टेस्ट टोन लावून प्रत्येक स्पीकर ग्राहकाला ऐकवावा, टीव्हीतली निवड त्याच्यासमोर करावी आणि ती डिलिव्हरी चलनाच्या मागे लिहून द्यावी. दुरुस्तीच्या पावतीवर 'बोर्ड फॉल्टी' एवढेच न लिहिता कोणता भाग, कोणत्या तपासणीवरून, हे लिहावे आणि काढलेला भाग ग्राहकाला परत द्यावा. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' यासाठी संकेतस्थळ सुरू केले आहे आणि कंपन्यांनी तिथे सुटे भाग व दुरुस्तीची माहिती द्यावी अशी त्यामागची कल्पना आहे. दाद मागायची असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. आपल्या पुरवणीत घरगुती विजेच्या सुरक्षिततेवर उन्हाळ्याच्या तोंडावर मजकूर येतोच; या वेळी त्यात कूलरच्या शेजारी होम थिएटरच्या प्लगचाही उल्लेख यावा, ही विनंती. आणि ज्या वाचकांच्या घरी ही पिन आधीच कापलेली असेल, त्यांनी तो प्लग आजच काढून ठेवावा आणि नवा तीन पिनांचा प्लग बसवून, अर्थिंग तपासून घेऊनच संच सुरू करावा. प्लगची किंमत किरकोळ आहे आणि कोपऱ्यावरच्या कोणत्याही इलेक्ट्रिकलच्या दुकानात तो मिळतो.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त शिल्प निदेशक,
नागपूर